सरबताच्या दुकानाचा लोगो: 'आमसूल'च्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे: सदाशिव पेठेत, टिळक रोडच्या आतल्या गल्लीत दहा फूट दर्शनी भागाचा गाळा घेतला आहे. विकायचं फक्त कोकम सरबत, सोलकढी, पियुष, आवळा सरबत आणि उन्हाळ्यात कैरीचं पन्हं. नाव 'आमसूल'. ऑनलाइन एकाकडून लोगोचे पाच पर्याय करून घेतले आहेत: स्ट्रॉ घातलेला ग्लास, पुदिन्याचं पान, थेंब, कोकमाचं फळ आणि इंग्रजी वळणाच्या अक्षरांतलं नुसतं नाव. यातला कोणता घ्यावा?

पाचांतला एकही नको. पाचवा त्यातल्या त्यात बऱ्या वाटेवर आहे, पण तोही नव्याने काढावा लागेल.

चित्रं का नकोत ते आधी सांगतो. ग्लास हे रसवंतीपासून कॉफीच्या दुकानापर्यंत सगळ्यांच्या पाटीवर असतं, त्यामुळे त्यातून 'इथे काहीतरी प्यायला मिळतं' एवढंच कळतं, आणि ते काउंटरवरून तसंही दिसतंच. शिवाय प्लॅस्टिकचे एकदाच वापरायचे ग्लास आणि स्ट्रॉ १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. जे गिऱ्हाइकाला देता येत नाही ते पाटीवर कशाला मिरवायचं? हिरवं पान पाहिलं की लोकांना काढे आणि चूर्ण आठवतात. थेंब पाण्याच्या टँकरवाल्याचा, प्लंबरचा आणि रक्तपेढीचा. उरलं कोकमाचं फळ. ते ओळखू येईल असं साधं काढताच येत नाही. गोल, लाल, वर देठ असं काढलं की टोमॅटो नाहीतर आलुबुखार दिसतो. आडवं कापून आतल्या फोडी दाखवल्या तर मँगोस्टीन वाटतं, कारण ते कोकमाचं सख्खं भावंडच आहे. आणि वाळलेलं आमसूल तर काळं, सुरकुतलेलं. त्याचं रेखाचित्र म्हणजे नुसता डाग. नाव चार अक्षरांचं आहे, अक्षरं देखणी आहेत, सगळं काम त्यांच्याकडूनच करून घ्या.

कागदावर पेन्सिल टेकवण्याआधी दोन गोष्टी उरकून घ्या. पहिली, नावाची. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम ९ नुसार मालाचं किंवा त्यातल्या घटकाचं नुसतं वर्णन करणारा शब्द नोंदवायला अडथळा येतो, आणि कोकमाच्या पेयांना 'आमसूल' म्हणणं हे त्यातच बसतं. चित्ररूप चिन्ह म्हणून, म्हणजे ठराविक वळणातल्या अक्षरांसकट, अर्ज करता येतो; पण मग संरक्षण प्रामुख्याने त्या रूपाला मिळतं, शब्दाला नाही. पुढच्या गल्लीत कुणी 'आमसूल सरबत केंद्र' काढलं तर त्याला अडवणं अवघड जाईल. एकच दुकान चालवायचं असेल तर हे चालून जातं, नाव छान आहे, ठेवा. शाखा द्यायचा विचार असेल तर सोबत एखादा स्वतंत्र शब्द आत्ताच जोडा, लोगो झाल्यावर नाही. ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांचे वर्ग ठरलेले आहेत: बाटलीबंद पेयं आणि सरबतं वर्ग ३२ मध्ये येतात, दुकानात बसून पिण्याची सेवा वर्ग ४३ मध्ये. व्यक्तीने किंवा लघुउद्योगाने ऑनलाइन अर्ज केला तर प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये शुल्क आहे. त्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो; तो देवनागरी आणि रोमन, दोन्ही स्पेलिंगांनी घ्या.

दुसरी गोष्ट पाटीच्या कायद्याची. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही नाव मराठीत, देवनागरी लिपीत लावावं लागतं. मराठी नाव आधी आलं पाहिजे आणि त्याची अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. म्हणून इंग्रजी लोगो करून खाली बारीक मराठी लिहिण्याची पद्धत आता बाद झाली. तुमचा मूळ लोगोच देवनागरी. रोमन रूप हवंच असेल तर ते दुय्यम, खालच्या ओळीत.

आता गल्लीत जा आणि मोजा. पाटी नऊ फूट बाय अडीच फूट बसेल असं धरू, म्हणजे १०८ बाय ३० इंच. देवनागरीत अक्षराची 'उंची' म्हणून शिरोरेषेपासून तळापर्यंतचं अंतर धरायचं; वेलांट्या, मात्रा आणि उकार त्यात मोजायचे नाहीत. आरामात वाचता यावं म्हणून दर दहा फूट अंतराला एक इंच उंची, हा पाटीवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. 'आमसूल'मध्ये वर काहीच जात नाही, खाली फक्त एक ऊकार. तो उंचीच्या साधारण ४५ टक्के खोल जातो. वर-खाली पाच-पाच इंच मोकळे सोडले तर अक्षराला पावणेचौदा इंच मिळतात. रुंदी त्याच्या पावणेचारपट, म्हणजे ५० ते ५२ इंच. हे अक्षर १३०-१४० फुटांवरून वाचता येतं, तेवढी सरळ नजर त्या गल्लीत कुठून मिळतच नाही.

अडचण उंचीची नाहीच, कोनाची आहे. पेठेतल्या गल्लीत माणूस दुकानासमोर उभा राहून पाटी वाचत नाही, दुचाकीवरून भिंतीला घासून येताना वाचतो. भिंतीशी ३० अंशांच्या कोनातून पाहिलं की अक्षराची रुंदी निम्मी दिसते, उंची तेवढीच राहते. म्हणजे ५२ इंचांचा शब्द २६ इंचांचा होतो आणि उभट, चेपलेली अक्षरं एकमेकांत शिरतात. म्हणून वळण थोडं आडवं, पसरट, आतल्या पोकळ्या मोठ्या. फॅशन म्हणून आलेले उंच, शिडशिडीत फॉन्ट इथे मार खातात. शक्य असेल तर भिंतीला काटकोनात दीड-दोन फुटांची गोल पाटीही लावा. पण बाहेर येणाऱ्या पाटीसाठी महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे आधी विचारा, बनवून झाल्यावर नको. (गणपतीच्या दहा दिवसांत मांडव आणि शुभेच्छांचे फ्लेक्स दोन्ही पाट्या झाकतील. त्यावर डिझायनरकडे उपाय नाही.)

अक्षरं काढायला ग्राफ पेपर घ्या. शिरोरेषा आणि तळरेषा यांत ७० मिलिमीटर अंतर ठेवा. कान्याची जाडी उंचीच्या एक-षष्ठांश, म्हणजे १२ मिलिमीटरच्या आसपास. शिरोरेषा १० मिलिमीटर. आडवी रेघ डोळ्याला उभीपेक्षा जाड भासते, म्हणून ती मुद्दाम बारीक. कान्याची जाडी उंचीच्या एक-चतुर्थांशापुढे गेली की 'म'ची गाठ बुजते आणि 'स'च्या आतला कोपरा भरतो. कागदावर ते रुबाबदार दिसेल, बिलावर मात्र काळा गोळा उमटेल.

आता शब्दाकडे नीट पाहा. 'आ'च्या शेवटी दोन कान्यांची जोडी, मग 'म'चा एक, 'सू'चा एक, आणि 'ल'ला हवा तर कानाच नाही. ही या शब्दाची चाल. 'आ'च्या दोन कान्यांमधली फट कान्याच्या जाडीच्या दीडपटीपेक्षा कमी झाली तर लांबून एकच जाड पट्टा दिसतो आणि 'अमसूल' वाचलं जातं. 'ल' घ्यायचा तो पाकळीयुक्त, दोन पाकळ्या आणि मध्ये आखूड देठ असलेला. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी प्रमाण ठरवलेला. हिंदी वळणाचा दंडयुक्त 'ल' घेतला तर शब्द उजवीकडे दांड्याने बंद होतो आणि चौकोनी डबा दिसतो. पाकळीचा 'ल' शब्दाला गोलाई देऊन सोडतो. मात्र पाकळी संपल्यावर शिरोरेषा उजवीकडे लोंबत राहते, ती पाकळीच्या कडेपाशी छाटा. बहुतेक डिझायनर नेमकं हे विसरतात, कारण फॉन्टमध्ये शिरोरेषा पुढच्या अक्षराला जोडण्यासाठी कडेपर्यंत नेलेली असते.

खोडी एकाच ठिकाणी करायची, आणि ती जागा म्हणजे ऊकार. शब्दात खाली उतरणारी तेवढी एकच रेघ आहे. तिला बोरूच्या फटकाऱ्यासारखं जाड-बारीक वळण द्या, शेपूट 'ल'च्या खालपर्यंत नेलीत तरी चालेल. पण 'आ'च्या पोटात फळ, शिरोरेषेवरून ओघळणारे थेंब, 'म'च्या गाठीत बर्फाचा खडा, असलं काही नको. आणि ऊकार दीर्घच हवा. 'आमसूल' दीर्घ, 'आमसुलाचं सरबत' ऱ्हस्व. पाटीवर 'आमसुल' झालं तर पहिल्याच दिवशी सरबत पिता पिता कुणीतरी काका तुम्हाला व्याकरण समजावून जातील. तसंच पियुष, पियूष की पीयूष, ते एकदा ठरवा आणि पाटी, मेन्यू, लेबल सगळीकडे तेच ठेवा.

हाताने काढणं जमत नसेल तर तयार फॉन्टवरून सुरुवात करायला हरकत नाही. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट खुल्या परवान्याखाली आहेत. लोगोत वापरायला, आकार बदलायला बंदी नाही. फॉन्टमध्ये 'ल'ची दोन्ही रूपं असली तरी सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडल्याशिवाय पाकळीयुक्त रूप बऱ्याचदा येत नाही. ग्लिफच्या, म्हणजे फॉन्टमधल्या सगळ्या अक्षररूपांच्या, यादीतून हाताने उचलावं लागतं. इलस्ट्रेटरमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगला दक्षिण आशियाई कंपोझर निवडलेला नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरावर बसते. तुमच्या नावात ती नाही, पण मेन्यूतल्या 'पियुष'मध्ये आहे. अक्षरांमधलं अंतर वाढवायला ट्रॅकिंगचा आकडा वाढवला तर शिरोरेषा तुटते. म्हणून आधी अक्षरांचे कर्व्ह करा, म्हणजे टाइप केलेल्या मजकुराच्या आकृत्या करा, मग हाताने सरकवा, शिरोरेषा एकच सलग काढा आणि शेवटी सगळे तुकडे वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा.

हे वेल्ड करणं फार महत्त्वाचं. कर्व्ह केल्यावर शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकांवर चढलेल्या असतात. पडद्यावर ते दिसत नाही. पण व्हिनाइलचा प्लॉटर किंवा अॅक्रिलिकचा लेझर बाह्यरेषेवरून चालतो, आणि चढलेल्या जागी मधोमध कापून ठेवतो. वेल्ड केल्यावर 'आमसूल' हा अख्खा शब्द एकसंध तुकडा होतो. अनुस्वार नाही, सुटी मात्रा नाही, म्हणजे पावसाळ्यानंतर टिंब गळून पडलेली पाटी, ही पुण्यात जागोजाग दिसणारी गोष्ट, तुमच्या वाट्याला येणार नाही. ५२ इंचांचा तुकडा आठ बाय चार फुटांच्या शीटमध्ये आरामात निघतो.

रंगाला सगळ्यात शेवटी हात घाला. आधी निव्वळ काळ्यात लोगो पास झाला पाहिजे. तीन चाचण्या पुरतात. चार इंच उंचीचं अक्षर कागदावर छापून गल्लीत चाळीस फुटांवरून आणि मग तिरकं चालत येत पाहा. तोच शब्द १५ मिलिमीटर रुंद छापा आणि 'म'ची गाठ उघडी आहे का बघा. आणि बिलाच्या थर्मल प्रिंटरवर काढा. ५८ मिलिमीटरच्या रोलवर छपाईची रुंदी ४८ मिलिमीटर, म्हणजे ३८४ ठिपके, मिलिमीटरला आठ. राखाडी छटा तिथे नसतेच, ग्रेडियंटची रांगोळी होते. बिलासाठी २४० ठिपके रुंद, फक्त काळा-पांढरा अशी वेगळी फाइल करून घ्या, ती ३० मिलिमीटर रुंद उमटेल.

रंग दोनच: कोकमी आणि नारळाच्या दुधाचा पांढुरका. कोकमीसाठी छपाईत सायन २०, मॅजेंटा १००, पिवळा ५५, काळा ४० टक्के इथून सुरुवात करून नमुना काढा. पडद्यावर लाल १२२, हिरवा ०, निळा ६९. त्यावर पांढुरकी अक्षरं दहास एक इतका उठाव (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) देतात. सोलकढीचा गुलाबी फार मोहात पाडतो, पण त्यावर पांढरी अक्षरं ठेवली तर उठाव जेमतेम दोनास एक राहतो. तो रंग मेन्यूच्या पार्श्वभूमीला वापरा, लोगोत नको. आणखी एक: छापलेल्या फ्लेक्समध्ये उन्हाने मॅजेंटा आणि पिवळी शाई आधी उडते. पश्चिमेला तोंड असलेलं दुकान असेल तर कोकमी रंग काही महिन्यांत विटतो. म्हणून पार्श्वभूमी छापूच नका, कोकमी रंगाचाच एसीपी (अॅल्युमिनियमचा थर असलेला) शीट घ्या आणि त्यावर पांढुरक्या अॅक्रिलिकची उठावाची अक्षरं बसवा. आतून एलईडी घालणार असाल तर रात्री उजेड पसरून पोकळ्या बुजतात. प्रकाशित पाटीसाठी कान्याची जाडी पाच ते दहा टक्के कमी केलेली वेगळी आवृत्ती लागते.

मोबाइलच्या गोलाचं काय? व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम सगळीकडे चित्र गोलात कापलं जातं. ११० पिक्सेलच्या गोलात हा आडवा शब्द बसवला आणि कडेला थोडी जागा सोडली तर अक्षराची उंची पंचवीस पिक्सेलच्या आसपास राहते. वाचता येतं, पण यादीतल्या छोट्या गोलात नाही. मग एकच अक्षर उचलायची वेळ येते. सगळ्यात देखणं अक्षर 'सू' आहे, पण पेयाच्या दुकानावर एकटं 'सू' लिहून चालणार नाही, का ते प्रत्येक मराठी आईला माहीत आहे. दोन ओळींत 'आम' आणि 'सूल' असं तोडलं तर निम्मी गिऱ्हाइकं आंब्याचं दुकान समजतील. उरतं 'आ'. कोकमी गोलात पांढुरका 'आ', दोन्ही कान्यांची टोकं मुख्य लोगोतल्यासारखीच, म्हणजे नातं कळतं. काटकोनातल्या गोल पाटीवर मात्र पूर्ण नाव घाला, तिथे जागा आहे.

बाटल्या आणि कप इथे लोगोची सगळ्यात जास्त दुर्दशा होते. थंड काचेवर पाणी सुटतं, आणि कागदी स्टिकर अर्ध्या तासात लगदा होऊन बोटाला चिकटतो. स्टिकर सिंथेटिक फिल्मचाच घ्या आणि बाटली भरून गार करण्याआधी, कोरडी असताना लावा. ओल्या काचेवर कुठलाच गोंद धरत नाही. २०० मिलिलिटरच्या बाटलीला ४० मिलिमीटरचा गोल स्टिकर, त्यात नाव ३० मिलिमीटर. अक्षर आठ मिलिमीटर येतं, पुरेसं आहे. निमुळत्या कपावर सरळ आयताकृती पट्टी लावली की दोन्ही टोकं वर जातात आणि नाव वाकडं दिसतं. तिथे छोटा गोलच बरा. थंड पेयाच्या कागदी कपाला बाहेरूनही लेप असतो, त्यावर रबरी शिक्का वाळत नाही, पुसला जातो. शिक्का कागदी पिशवीसाठी ठेवा, आणि त्यात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ किंवा फट नको. बंद बाटली विकणार असाल तर लेबलवर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक आणि हिरव्या चौकटीतलं हिरवं टिंब येणार, त्यासाठी जागा आधीच राखा. लोगोत कुठेही हिरवा गोल ठेवू नका. आणि नावाखाली 'पित्तनाशक' वगैरे लिहू नका. आजार बरा करण्याचा दावा खाद्यपदार्थाच्या लेबलवर करता येत नाही.

ज्याच्याकडून पाच पर्याय घेतलेत त्याला एक विचारा: ग्लास, पान, थेंब स्वतः काढलेत की तयार संग्रहातले? कॅनव्हासारख्या ठिकाणचे तयार घटक वापरलेला लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला त्यांचा परवानाच मनाई करतो. तेच पान उद्या दुसऱ्याच्या पाटीवरही दिसेल. नवीन काम ज्याला द्याल त्याच्याशी लेखी करार करा. बाहेरच्या डिझायनरने काढलेल्या लोगोचा कॉपीराइट पैसे दिल्यामुळे आपोआप तुमचा होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १९ नुसार हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते फक्त पाच वर्षांसाठी धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. म्हणून 'संपूर्ण मुदतीसाठी, जगभर' हे शब्द करारात पाहिजेत.

काम पूर्ण झाल्यावर पुढच्या फाइल्स मागून घ्या: कर्व्ह आणि वेल्ड केलेली सीडीआर (कोरलड्रॉची फाइल), जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली, कारण फ्लेक्सवाल्याकडे नवी आवृत्ती असेलच असं नाही; पीडीएफ आणि एसव्हीजी; पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी; गोलासाठी 'आ'; बिलासाठी काळी-पांढरी; प्रकाशित पाटीसाठी बारीक आवृत्ती. मजकूर टाइप केलेल्या अवस्थेत छापखान्यात देऊ नका. तिथल्या संगणकावर तो फॉन्ट नसला की दुसराच बसतो, आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर असेल तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा उमटतो. पाटी कापायला टाकण्याआधी 'सू' आणि 'ल' एवढा भाग खऱ्या मापात साध्या कागदावर काढून घ्या, शटरच्या वर चिकटवा आणि दुपारी एकदा, दिवे लागल्यावर एकदा, गल्लीच्या दोन्ही टोकांकडून पाहून घ्या. दुरुस्ती काय करायची असेल ती तेव्हाच करून टाका. अॅक्रिलिक कापल्यावर ती पुन्हा नव्या शीटच्या भावात पडते.